पान्ह्याची वेळ

मला दोन मुलगे. थोरला धनाजी, धाकटा मल्हार. ह्या साली वाड्याचं पुढारपण दोघांतल्या एकाला द्यायचं होतं, आणि ते मल्हारला द्यायचं हे मी मनात पक्कं केलं होतं.

आम्ही माणदेशातले धनगर. आमचा वाडा भिंतींचा नाही, चालता आहे. चार बिऱ्हाडं, घोडी, कुत्री आणि तीनशे मेंढरं. दिवाळी झाली की गाव सोडायचं, कोकण गाठायचं, पावसाच्या आधी माघारी यायचं. कुठं वळायचं, कुठं पाणी पाजायचं हे एकानंच ठरवायचं असतं. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं ते मी ठरवलं. आता गुडघे बोलायला लागले.

धनाजी लय भित्रा. ओढा दिसला की आधी काठी घालून खोली बघणार. हिरवं रान दिसलं की फवारणी कवा केली ते मालकाला विचारणार. मी त्याला चारचौघांत धनाबाई म्हणायची. तो खाली मान घालून पुढचं काम करायचा, त्याचा मला आणखी राग यायचा. मल्हार माझ्यावर गेला होता. विचारणं नाही, थांबणं नाही.

इस्लामपूरच्या अलीकडं नाथाजीरावांच्या उसाच्या रानात दर साली आमची मेंढरं बसतात. लेंडीखत त्यांना, ज्वारी आम्हाला. त्यांचा मुलगा वीरधवल ह्या खेपेला पाठीवर मोठी थोरली बॅग लावून आला. म्हणे, तुमच्याबरोबर कोकणापर्यंत चालायचंय.

"मावशी, मी मोटरसायकलवर लडाखला जाऊन आलोय. एका वळणावर गाडी घसरली, खाली दरी. मेलोच असतो!" असं म्हणून हसला.

"मरायला एवढं पेट्रोल जाळलंस व्हय? आमच्या गावच्या हिरीला कठडा न्हाई, तिकडं यायचं."

सगळे हसले. मल्हार हसला नाही. तो त्या पोराच्या तोंडाकडं बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीरधवलच्या टाचा सोलल्या. शिळी भाकरी घशाखाली जाईना. घोडीवर बसू का, म्हणून विचारायला लागला.

"घोडीवर कोंबड्या बसत्यात आन् तान्ही लेकरं," मी म्हटलं. "तू कशात मोडतुस?"

असा तो पोरगा. धोका त्याला गुळासारखा गोड लागायचा आणि कष्ट कडू. पडला तर उचलायला बाप होता. आम्ही कष्टाला कधी नाही म्हटलं नाही; धोका मात्र आम्हाला परवडत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी पुढचं घडलं.

दिवस कलताना आम्ही हायवेवर आलो. पलीकडं तळं दिसत होतं. मेंढरं सकाळपासून तहानलेली. धनाजी म्हणाला, "आये, दीड कोसावर रस्त्याखालनं बोगदा हाय. त्यातनं जाऊ."

"दीड कोस?" वीरधवल लंगडत पुढं आला. "अहो, डिव्हायडरला इथंच फट आहे. मी लाल जॅकेट घेऊन उभा राहतो, गाड्या थांबवतो. पाच मिनिटांचं काम!"

"आन् पिल्लं?" धनाजीनं विचारलं. तीस-पस्तीस कोकरं होती, चालती नव्हती. ती उचलून न्यायची असतात.

मल्हार म्हणाला, "मोठी आधी काढू, पिल्लं दुसऱ्या खेपंला. आये, सांग की."

"पिल्लं मागं ठेवू नगं रं," धनाजी माझ्याकडं बघून म्हणाला. "येळ कुठली हाय बघ."

मी वेळ बघितली नाही. मी त्या शहरी पोराकडं बघितलं. त्याच्यासमोर माझा थोरला भित्रा दिसत होता आणि मला लाज वाटत होती. मी म्हटलं, "धनाबाई, तू पिल्लांजवळ बस, बांगड्या भर. मल्हार, आजपासनं वाडा तुझा. घाल मेंढरं."

वीरधवलनं काम चोख केलं, खोटं कशाला सांगू. गाड्या थांबल्या. मेंढरं एकामागं एक पलीकडं गेली, एकाला खरचटलं नाही. त्यानं जॅकेट खाली केलं, मल्हारला मिठी मारली. गाड्या सुटल्या.

तेवढ्यात अलीकडून कोकरं ओरडली. सांजेची पाजायची वेळ होती, पान्हा दाटला होता. सगळ्या आया वळल्या आणि पिल्लांकडं पळत सुटल्या. मल्हार आडवा झाला, पण पान्हा दाटलेली मेंढी कुणाला ऐकते?

गाड्यांखाली सतरा गेल्या. त्यांतल्या पाच तडफडत होत्या, त्या धनाजीनं एकट्यानं सुरी फिरवून मोकळ्या केल्या. वीरधवल कडेला बसून ओकत होता. पन्नास वर्षं मेंढरांत काढली मी, आणि पान्ह्याची वेळ विसरले.

मल्हार माझ्याजवळ आला. त्याची बायको सोनम शेजारीच होती, कडेवर पोर.

"आये..."

"त्या सतरांत तू असतास तर एवढं वाईट वाटलं नसतं," मी म्हटलं.

सोनमनं पोराला छातीशी धरलं आणि माझ्याकडं पाठ केली. सकाळी उठले तवा दोघं नव्हती. शिरवळला कंपनीत मल्हारच्या ओळखीचं कुणीतरी आहे, तिकडं गेली असतील.

मी धनाजीला म्हटलं, "आता वाडा तू बघ."

"बघतो," तो म्हणाला. "पर तू बरुबर नगं."

"कोण नगं?"

"तू. तू असलीस की कुणी माझं ऐकत न्हाई. नाथाजीरावांची गाडी आलीया पोराला न्यायला. ती मान्सं तुला इस्लामपुरातनं एस्टीत बसवतील. गावाकडं जा."

"आन् कोण रं तू मला सांगणार?"

त्यानं माझं गाठोडं उचललं आणि गाडीत ठेवलं. बाकीच्या बायका घोड्यांची दावी सोडत होत्या. एकीनंही वर बघितलं नाही.

गाडीत वीरधवल टाचांना पट्ट्या बांधून बसला होता. डोळे सुजलेले.

"मावशी, माझं चुकलं."

"तुझं काय चुकतंय? तू फिरायला आला हुतास."

ड्रायव्हर जेवून निघेस्तवर वाडा दीड कोस पुढं गेला होता. बोगद्याजवळनं गाडी गेली. धनाजी तोंडाशी उभा होता. बायका कोकरं काखेत घेऊन आत शिरत होत्या, वाचलेल्या आया त्यांच्या मागं. एक लंगडी मेंढी डाव्या अंगाला उसात घुसत होती आणि कुणाचं लक्ष नव्हतं. मी काचेवर हात आपटला. "धनाजी! डावीकडं बघ रं!"

काच वर होती. मेंढी उसात गेली. ड्रायव्हरनं गिअर टाकला.