दाराला लावले

डिंकाच्या बाटलीचं झाकण निघेना. कडेने वाळलेला डिंक पिवळा पडून काचेसारखा कडक झाला होता, आणि रुमालात धरून ते पिळता पिळता तिला वाटलं, नाही निघत तर नको निघू... मग स्वतःचाच राग आला. तेवीस वर्षं बेलिफाची नोकरी केलेली बाई, कोर्टाची समन्सं घेऊन जिनेच्या जिने चढलेली, आणि एका झाकणापुढे सबबी शोधत उभी! तिसरा मजला, डावीकडचं दार, दाराला कुलूप. वर पाटी – 'शिवणकाम करून मिळेल'. मालकाला खोली रिकामी करून हवी होती आणि मंगळवारी तारीख होती. शिवणवाली कोर्टात आली नाही तर एकतर्फी निकाल, आणि मग खोली गेलीच म्हणायची.

समन्स दाराला डकवायचं, काम तसं दोन मिनिटांचं. न्याय लवकर मिळावा म्हणून कुठल्याशा परदेशी सरकारने मदत दिली, आणि त्या मदतीतून अकरा बेलिफांना अकरा फोन आले. फोनमध्ये दोन चौकोन – 'हातात दिले' आणि 'दाराला लावले'. कुठलाही दाबा, फोटो काढा, हिरवी खूण उमटते. बजावणी झाली, म्हणजे समन्स पोचलं! तिसरा चौकोन नाहीच. माणूस भेटलं नाही, असं सांगायची सोयच ठेवलेली नाही. पूर्वी दार बंद असेल तर तीनदा जायचा नियम होता – नियम आजही आहे म्हणा – आणि कोणी जात नसे, पण तीनदा गेल्याचं खोटं निदान हाताने लिहावं लागायचं, लिहिताना पेन जरा अडायचं. आता तेवढंही नको. बोट टेकवलं की झालं.

दोन वर्षांत बजावणीचा आकडा शंभरात साठावरून सत्त्याण्णववर गेला होता. उद्या त्या सरकारची माणसं पाहणीला येणार म्हणून अधीक्षकांनी सकाळीच सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं. "अठ्ठ्याण्णव झालेच पाहिजेत. मदतीचा पुढचा टप्पा त्यावर आहे. आणि बाई, तुमचीच सहा राहिलीत. करता काय हो दिवसभर?"

तिने मान खाली घातली होती. घालायची सवयच तिला. फोन आल्यावर काही महिन्यांनी प्रशिक्षण झालं, त्या दिवशीही घातलीच की... परदेशी सल्लागार, उंचच्या उंच, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, चेहऱ्याने भला माणूस. सगळ्यांना सोडून त्याने नेमकं तिच्याकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. दुभाषा म्हणाला, "ते विचारताहेत, दार बंद असलं तर तुम्ही काय करता?" चांगला प्रश्न होता. इतक्या वर्षांत कोणी विचारलाच नव्हता. तिने तोंड उघडलं – आणि मागून अधीक्षक म्हणाले, "शेजारी चौकशी करतो, पुन्हा जातो, तिसऱ्यांदा जातो." सल्लागाराने लिहून घेतलं. तिने तोंड मिटलं. वा ग बाई! मूग गिळून बसायचाच पगार घेतेस जशी काही.

आणि तेव्हा त्या घड्याळवाल्याचं प्रकरण होऊन जेमतेम महिना झाला होता. मुलाच्या ऑपरेशनसाठी तो वीस दिवस परगावी होता. तिने त्याच्या दुकानाच्या फळ्यांवर समन्स डकवलं, फोटो काढला, खूण हिरवी झाली. कागद वाऱ्याने नेला की कोणी फाडला, देव जाणे. निकाल लागला, दुकान गेलं. कोर्टात आला तेव्हा तो ओरडला नाही. शिव्या तरी द्यायच्या होत्या, बरं वाटलं असतं. त्याने नुसतं विचारलं, "बाई, हाक तरी मारली होतीत का?"

"मारली होती," ती म्हणाली.

मारली नव्हती. बंद फळ्यांना कोण हाक मारतं? आता तो कोर्टासमोरच्या फुटपाथवर डोळ्याला भिंग लावून बसतो, आणि ती मागच्या फाटकाने आत जाते. वर्ष झालं. तेवीस वर्षांची नोकरी, आणि चोरासारखी मागच्या फाटकाने!

"आहे का कोणी?"

आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली. समोरचं दार उघडलं आणि शेजारीण बाहेर आली. "कुलूप दिसत नाही का हो?"

"दिसतं. कधी येणार त्या?"

"लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. आज येते म्हणाली होती. दुपारी, नाहीतर संध्याकाळी. नाहीतर उद्या. लेकीकडून पाय निघतो का कोणाचा?" मग तिची नजर बाटलीवर गेली. "कोर्टाच्या का? चिकटवा की मग. मागे तुमच्यातला एकजण आला होता, तो तर जिनासुद्धा चढला नाही. खाली मीटरच्या पेटीला चिकटवून गेला!"

"मी नाही चिकटवणार."

"मग काय करणार?"

"बसते," ती म्हणाली, आणि खरंच पायरीवर बसली. शेजारणीने तिच्याकडे एकदा वरून खाली पाहिलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि दार लावून घेतलं.

दीडच्या सुमाराला फोन वाजला. अधीक्षक. "बाई, अजून एकही खूण नाही तुमची!"

"दार बंद आहे, साहेब."

"मग डकवा!"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तिला ठाऊकच नाही, साहेब. ठाऊक नाही तर बजावणी कसली? नियम तीनदा यायचा आहे. मी पहिल्यांदा आलेय."

"आणि उद्या पाहुण्यांना काय दाखवू?"

"मला दाखवा. त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलंय."

मग अधीक्षक हळू आवाजात म्हणाले, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. डोकं ठिकाणावर ठेवा." फोन बंद झाला.

भीती वाटत होती, का नाही वाटणार? घर तिच्या पगारावर चालतं. हिच्यामुळे मदत गेली, असं उद्या सगळे बोटं दाखवतील... पण मदत कशाला जाईल? त्यांनी फोन दिले, खोटं आपलं. तो सल्लागार बिचारा विचारत होता, आपणच त्याच्या हातात खोटं ठेवलं आणि वर टाळ्या वाजवल्या. त्याला सांगायचं, तिसरा चौकोन द्या. 'भेटले नाही.' आकडा पडेल, पडू दे. साठावर येऊ दे, चाळिसावर येऊ दे. खरा तरी असेल! आणि घड्याळवाल्याचंही सांगायचं, सगळ्यांसमोर, अधीक्षक मध्ये बोलले तरी थांबायचं नाही. दुभाष्याला म्हणायचं, माझं संपू दे, मग त्यांचं सांगा.

खाली जिन्यात पावलं वाजली. जड, थांबत थांबत, हातात ओझं असलेली.

आणि तिच्या लक्षात आलं, की आपण कान टवकारलेत. आजवर प्रत्येक जिन्यात तिने मनातल्या मनात एकच मागितलं होतं – कोणी घरात नसू दे. नको ते रडणं, नको त्या शिव्या, नको ती आईच्या मागून बघणारी पोरं. कुलूप दिसलं की सुटल्यासारखं वाटायचं... किती दारांपुढे वाटलं होतं! ये ग बाई, ती आता म्हणत होती. रड, वाट्टेल ते बोल, कागद माझ्या तोंडावर फेक, पण ये.

पावलं दुसऱ्या मजल्यावर वळली. किल्ली फिरली, दार उघडलं, मिटलं.

तिला एवढं वाईट वाटलं की डोळे भरून आले. तेवीस वर्षांत कोणी आलं नाही म्हणून तिला कधी वाईट वाटलं नव्हतं.