मड्डमचं दसऱ्याचं दुखणं

खण्ण!

पहाटेच्या शांततेत देवघरातून आवाज आला आणि राजाबाईच्या हातातली लेकीची, तानीची, वेणी अर्धीच राहिली. पाठोपाठ सासऱ्यांचा, जगदेवरावांचा, आवाज आला, "कुणी हात लावू नका! मी बघतो."

बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. उंदरानं झेंडूचं फूल ओढलं होतं आणि फुलावर टेकलेला एक पाना घसरून तलवारीवर पडला होता. काल खंडेनवमी झाली. वाडवडलांच्या दोन तलवारी, एक कट्यार आणि त्यांच्या पंगतीला राजाबाईच्या नवऱ्याचे, दत्ताजींचे, मोटारीचे पाने, पेचकस, पक्कड, हातोडी असं सगळं पाटावर मांडून जगदेवरावांनी हळदकुंकू वाहिलं होतं. आता आज संध्याकाळी शिलंगणाचं सोनं लुटून येईपर्यंत त्यातलं काडीभरही हलायचं नाही, असा या घराचा शिरस्ता.

"पण मोटार न्यायची ना मामंजी?" राजाबाईनं पदर सावरत दारातून विचारलं.

"मोटार न्या की. दसऱ्याला घोडा पुजतात, तसा फिरवतातही. मोटार म्हणजे घोडाच. तो चालतो. हत्यार मात्र बसतं."

राजाबाईला तेवढं पुरे होतं. देवासला तिच्या भावाला, कृष्णरावांना, आठ वर्षांनी मूल झालं होतं. मुलगी. आज बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि आत्या म्हणजे राजाबाई. वहिनीचे नवससायास, उपास, लोकांची बोलणी हे सगळं तिनं लांबून ऐकलं होतं आणि तेव्हापासून एक नाव मनात जपून ठेवलं होतं. अजून कुणाला, अगदी दत्ताजींनाही, कळू दिलं नव्हतं. दिवेलागणीच्या आत पोचली नाही, तर चुलत आत्या उमाबाई तिथं हजरच होती. उमाबाईनं भावकीतल्या निम्म्या पोरांची नावं ठेवली होती, आणि त्यातली निम्मी सोनू-मोनू होती.

मोटारीला सारं धार गाव 'मड्डम' म्हणे. फ्रान्सातून बोटीनं आलेली, महूच्या छावणीत एका साहेबाकडे उमेदीची वर्षं काढलेली, आणि साहेब विलायतेला परतल्यावर दत्ताजींच्या पदरी पडलेली. एक दिवस चालायची, दोन दिवस रुसायची. दत्ताजी सुट्टीचा दिवस तिच्याखाली आडवे पडून काढत. नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर राजाबाईला कंदील घेऊन मोटारीपाशी उकिडवं बसावं लागे. असं बसता बसता तिला कुठली नळी कुठं जाते ते पाठ झालं. माहेरी कुणी विचारलं असतं, नवऱ्याचं रूप कसं आहे, तर तिनं आधी त्यांचे पाय सांगितले असते.

ऊन अंगणात उतरलं तेव्हा राजाबाई आणि तानी मोटारीत बसल्या होत्या. हँडल मोटारीलाच जोडलेलं, म्हणून ते पूजेतून सुटलं होतं. दत्ताजींनी ते दोनदा फिरवलं, मड्डम खोकली, थरथरली आणि डौलात निघाली. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, बोटं मोडून दृष्ट काढली. मोटार फाटकापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि गप्प झाली.

रस्त्यावरचा दूधवाला थांबला. "कंई भिया, मोटर रिसई गी कंई?"

"रुसली तर रुसली! तू तुझी म्हैस सांभाळ रे बाबा!" दत्ताजी खाली उतरले. झाकण उघडलं, इकडे तिकडे चाचपलं. "पेट्रोल खाली येतच नाही. नळी कोरडी आहे. टाकीच्या तोंडाशीच काहीतरी अडकलंय. एक नट सोडवला की झालं." आणि मग त्यांचा चेहरा पडला. नट सोडवायचा पाना तलवारीशेजारी कुंकू लावून बसला होता.

"आबा, एकच पाना. मधला. घेतो आणि ठेवतो."

"दत्ताजी, पूजेतलं हत्यार म्यान सोडून बाहेर काढायचं?"

"त्याला म्यानच नाही, आबा!"

"म्हणून काय झालं? संध्याकाळी घे."

"संध्याकाळी तिथं पाळणा म्हणून होईल!"

"मग शेजारून मागून आण."

"धारेत दुसरा पाना आहे तो सरकारच्या मोटारखान्यात, आणि तिथंही आज पूजाच आहे."

दोघं बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले. जगदेवरावांना सुनेचा चेहरा दिसत होता आणि तो बघवत नव्हता. पण आज पाना हलवला, तर उद्या तलवार हलवायला कोण भिणार, हेही त्यांच्या तोंडावर दिसत होतं. राजाबाईनं डोळ्यांतलं पाणी आत लोटलं. रडायला वेळ नव्हता.

"मामंजी," ती म्हणाली, "घोड्याचं पोट दुखलं तर तलवार काढत नाहीत ना? घरातलंच औषध करतात?"

"अर्थात."

ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि सांडशी घेऊन आली.

अक्का ओरडल्या, "अगं माझी दुधाची सांडशी!"

"ही पूजेत नव्हती, अक्का."

"कशी असेल? मग काल बासुंदीचं पातेलं काय हातानं उतरवलं असतं?"

जगदेवरावांनी सांडशीकडे नीट निरखून पाहिलं. हत्यार म्हणावं असं तिच्यात काही सापडेना. "चालेल," ते म्हणाले आणि मिशीत हसले.

नटाला चिंधी गुंडाळून दत्ताजींनी सांडशी आवळली. ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा राजाबाईनं दोन्ही हातांनी वरून दाबून धरली, तेव्हा नट कुरकुरत सुटला. खाली घासलेटचा रिकामा डबा धरला होता, पण टाकीतून थेंब येईना. राजाबाईनं अंबाड्यातला आकडा काढून दिला. दत्ताजींनी तो आत खुपसून फिरवला आणि भस्सकन धार लागली. अर्धी डब्यात, अर्धी दत्ताजींच्या नव्या कोऱ्या अंगरख्यावर.

डब्यात काहीतरी तरंगत होतं. तानी वाकून म्हणाली, "आई, पाकळी!"

पाकळी झेंडूची होती. आणि डब्याच्या तळाशी कुंकवात माखलेले तांदूळ होते. चांगले मूठभर.

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत अक्कांवर आल्या. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"मला काय बघता? काल पूजा केली ना तिची? हार घातला, नारळ फोडला. देवाच्या मस्तकी अक्षता वाहतात. हिचं मस्तक कुठलं, मला काय ठाऊक! जिथून तुम्ही तिला पाजता, तेच तोंड आणि तेच मस्तक, म्हटलं. झाकण काढलं आणि फुलासकट वाहिल्या. शुभ कार्याला निघालीय पोर, सुखरूप जावी म्हणून."

जगदेवराव असे हसले, की त्यांची दरबाराची पगडी कानावर आली. "शाबास! हत्यारं मी बसवली आणि घोडा तू!"

पेट्रोल गाळायला पातळ कापड हवं होतं. राजाबाईनं नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. दत्ताजींनी एक सुस्कारा सोडला, चंदेरी फेटा उतरवला आणि तिच्या हाती दिला. फेट्यातून गाळलेलं पेट्रोल टाकीत गेलं, सांडशीनं नट बसला, आणि हँडल फिरताच मड्डम अशी काही गुरगुरली की दूधवाल्याच्या म्हशीनं रस्ता सोडला.

पण ऊन डोक्यावर आलं होतं. घाटाबिल्लोद मागं पडलं, बेटमा मागं पडलं. इंदुराच्या अलीकडे चाकातली हवा गेली. तेव्हाही सांडशीच्याच आधारानं चाक उतरवून आतली ट्यूब सांधावी लागली. अक्कांनी सांडशी सोबत दिली होती, "परत आण हो," असं तीनदा बजावून. क्षिप्रेच्या काठी राजाबाईनं तानीचं तोंड धुतलं, स्वतःचं धुवायला वेळ झाला नाही. देवासची टेकडी दिसली तेव्हा सूर्य तिच्या अंगावर तांबडा पडला होता.

दारात मोटार थांबायच्या आत तिनं उडी टाकली. आत समया लागल्या होत्या. पाळण्याशी उमाबाई बाळाला मांडीवर घेऊन, तोंड अगदी कानाशी नेऊन बसली होती.

"थांब!" राजाबाईचे वडील, तात्या, ओसरीवरूनच गरजले. "थांब उमे! मथू आली! आमची मथू आली!"

"अगंबाई मथे, हे काय ध्यान!" उमाबाई म्हणाली. "आत्या आली का भुताटकी?" पण तिनं सरकून जागा दिली, आणि बाळही दिलं.

धुळीनं माखलेल्या, पेट्रोलचा वास येणाऱ्या राजाबाईनं बाळाच्या इवल्याशा कानाशी ओठ नेले. आठ वर्षं जपलेलं नाव तिनं हळूच त्यात ठेवलं. मग मान वर करून सगळ्यांना सांगितलं, "विद्युल्लता."

"एवढं लांब?" उमाबाईनं कपाळाला हात लावला.

"असू दे. आयुष्यभर पुरायचंय तिला," राजाबाई म्हणाली. बायकांनी कुर्र केलं, पाळण्याखाली घुगऱ्या वाटल्या, आणि वहिनीनं तिचा धुळीचा हात घट्ट धरून ठेवला.

जेवणं झाल्यावर तानी तिच्या मांडीवर येऊन बसली.

"आई, इथं सगळे तुला मथू का म्हणतात?"

"माझं नाव होतं ते. लहानपणचं. माझ्या आत्यानं ठेवलेलं."

"मग राजाबाई?"

"ते लग्नात ठेवलं. लग्नात नवं नाव ठेवतात, बाळ."

"सगळ्या मुलींचं?"

"सगळ्यांचं."

तानीनं पाळण्याकडे पाहिलं. पाळण्यात विद्युल्लता मुठी आवळून गाढ झोपली होती. मग तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"मग आई, आपण एवढं धावत धावत कशाला आलो?"