माऊस घसरला म्हणे!

मित्रांनो, पुण्यात बिबवेवाडीतल्या एका सायबर कॅफेच्या खणात तुटक्या हेडफोनशेजारी पडलेला मी एक जुना माऊस. माझ्यावर एक आळ आहे, आणि तो ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आहे. म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तेव्हा माऊसच्या पोटात रबरी गोळी असे. ती फिरली की पडद्यावरचा बाण पळायचा. संजयने कॅफे काढला तेव्हा मला हार घातलेल्या कॉम्प्युटरशेजारी बसवलं, अंगावर हळदीकुंकूही पडलं. त्यातलं थोडं कुंकू पोटात गेलं, ते कायमचंच.

पहिली दोन-तीन वर्षं माझा काय रुबाब होता! बारावीचे निकाल, हिंजवडीच्या नोकरीचे अर्ज, अमेरिकेतल्या मुलांना आयांची पत्रं, सगळं माझ्याच पाठीवर हात ठेवून व्हायचं. कुणी वडापाव खाऊन तेलकट हात ठेवी, कुणी निकाल मनासारखा लागला नाही की मला आपटे. माझं पोट उघडून गोळी पुसायला दोन मिनिटं लागतात. संजयला ती दोन मिनिटं कधीच मिळाली नाहीत. मळ साचला आणि मी अधूनमधून खरोखरच घसरू लागलो. हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी नाही!

कॅफेच्या वरच्या तिसऱ्या मजल्यावर सुखदेवराव राहतात. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ, पण भाव केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडीही घेणार नाहीत. त्यांच्या सोनालीचं लग्न रविवारी सोमवार पेठेतल्या हॉलमध्ये ठरलं होतं. त्यासाठी नांदेडहून त्यांचे थोरले भाऊ नागोराव शनिवारी येणार होते. वडील गेल्यावर हमाली करून सुखदेवरावांना शिकवलं ते या भावाने. आता त्यांचे गुडघे गेलेले, आणि इमारतीला लिफ्ट नाही. दादांना लिफ्टच्या चांगल्या हॉटेलात उतरवायचं, असं सुखदेवरावांनी मनाशी ठरवलं होतं.

संजयने एक नवी साइट दाखवली. आपण खोलीचा भाव बोलायचा, हॉटेलला पटला तर खोली आपली, तीही निम्म्या दरात. मात्र एकदा सौदा झाला की पैसे परत नाहीत. भाव बोलायचा म्हटल्यावर सुखदेवराव खुर्ची ओढून बसलेच.

पडद्यावर दोन रकाने होते. 'भाग' या रकान्यात संजयने शनिवार पेठ निवडली होती, 'दिवस' या रकान्यात शनिवार. सुखदेवराव नऊशेवर सुरू झाले. नामंजूर. नऊशे दहा. नामंजूर. नऊशे वीस. दहा-दहा रुपये वाढवत त्यांनी मला तासभर बडवलं. अहो, समोर भाजीवाली नाही, यंत्र आहे! त्याला काय दया येणार?

शेवटी त्यांना हॉलची आठवण झाली. ते म्हणाले, "संजय, हे शनिवार लांब पडतंय. शनिवारचं सोमवार कर."

त्यांना म्हणायची होती पेठ. संजयने बदलला वार! पुण्याबाहेर असा घोटाळा कुणाचा होणार नाही. मी तर जागच्या जागी थिजलो. पण माऊसला वाचा कुठली? त्याने नेलं तिथे मी अचूक गेलो आणि टिक वाजलो. सोमवारी गिऱ्हाईक नसतंच, त्यामुळे हॉटेलने नऊशे साठला लगेच होकार दिला. दोघांनी टाळी दिली. छापलेला कागद कुणीही वाचला नाही. सुखदेवरावांनी तो लग्नपत्रिकांच्या पिशवीत जपून ठेवला.

शनिवारी संध्याकाळी दोघा भावांची रिक्षा हॉटेलवरून परत येऊन कॅफेच्या दारात थांबली. हॉटेलवाल्याने सांगितलं होतं, "तुमची खोली परवाची आहे. आज आमच्याकडे जागा नाही." नागोराव काठी टेकत आत आले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. सुखदेवरावांनी कागद टेबलावर आपटला.

संजयने कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, माऊस घसरला असणार. जुना झालाय ना."

मी घसरलो? मी? सुखदेवरावांनी मला उचलून दाणकन आपटलं. "मग नवा घ्यायला काय धाड भरली आहे तुला?"

"सुखदेव," नागोराव म्हणाले, "त्या डबीला कशाला मारतोस? सोय हाटेलात केली म्हणून फोन केलास, तवाच मनाला लागलं व्हतं. म्हटलं, भावाला आता आपली लाज वाटाया लागली."

सुखदेवरावांचा चेहरा पडला. "लाज? दादा, मी तुमच्यामुळे शिकलो. तीन मजले आहेत हो. तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे हायेत ना? मग मला इचारायचं व्हतं."

सुखदेवरावांनी त्यांच्या पायांशी उकिडवं बसून मान खाली घातली. "चुकलो, दादा."

जिना कॅफेच्या भिंतीला लागूनच आहे. मला काठी ऐकू येत होती. टक. मग थांबणं. मग पुन्हा टक. मध्ये कुणीतरी खुर्ची आणून ठेवली, कुणी पाणी विचारलं. वर दार उघडलं आणि सोनाली "मोठे बाबा!" म्हणून ओरडली. सोमवारी ती नऊशे साठची खोली रिकामीच राहिली.

मंगळवारी नवा, गोळीऐवजी पोटातल्या दिव्यावर चालणारा माऊस आला आणि मी खणात गेलो. येईल त्या गिऱ्हाइकाला संजय मजेत सांगतो, "आमचा जुना माऊस घसरला, आणि काकांचं बुकिंगच बोंबललं!" सगळे हसतात.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. माझं पोट वेळीच पुसलं असतं, तर हा आळ माझ्यावर घेताच आला नसता. आणि ज्याच्या सोयीसाठी एवढी धडपड करता, त्याला आधी तोंडाने विचारा. चोपन्न पायऱ्या चढायला नागोरावांना वीस मिनिटं लागली. 'माझं चुकलं' हे दोन शब्द उच्चारायला संजयला अजून सवड झालेली नाही.