तिसरा ठोका

लेकीने आईपुढे दातांच्या कण्या केल्या, तरी आई त्या दाढेला हात लावू देईना. लेक दातांची डॉक्टर, पण घरात डॉक्टरांना विचारतो कोण? त्या दाढेचं रूट कॅनल बाबांनी सुरू केलं होतं. आत औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं, आणि दाढ पुरी व्हायच्या आधीच ते गेले. दवाखाना, खुर्ची, अवजारं सगळं लेकीकडे आलं. दाढ तेवढी बाबांचीच राहिली.

मग एका सकाळी आईचा गाल सुजला. एक्स-रेमध्ये मुळाखाली वाटाण्याएवढी काळी सावली दिसत होती. जंतू हाड खात होते. सूज गळ्यात उतरली तर जिवावर बेतेल, असं लेकीने आडपडदा न ठेवता सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"आधी वाजवून बघ," ती म्हणाली.

लेकीने आरशाच्या दांड्याने दाढेवर दोनदा ठोकलं. आई कळवळली, पण तिचा चेहरा खुलला होता.

"तिसरा ठोका कळला? मागून येतो, हलका. हे तसंच वाजवायचे."

बाबांची ती सवयच होती. दोन ठोके तपासायला आणि तिसरा, ते हसून सांगायचे, माफी मागायला. दुखऱ्या दाढेत ठणका उठतोच, असं लेक आईला म्हणाली खरी, पण तिचं तिलाच ते पटलं नाही.

रात्रीतून ताप चढला तेव्हा कुठे आईने तोंड उघडलं. सिमेंट निघालं आणि कुजका वास खोलीभर झाला. लेकीने मुळं आतून घासली, जंतुनाशकाने पुन्हा पुन्हा धुतली. धुताना तिच्या बोटांना दाढेतून ठोके लागत होते. आधी जोरात, मग दमल्यासारखे. लेक रडत होती, पण थांबली नाही. मुळात घातलेली कागदाची बारीक वात कोरडी आणि स्वच्छ बाहेर आली, तेव्हाच तिने दाढ बंद केली.

वर्षभराने पुन्हा एक्स-रे काढला. सावली पार गेली होती, हाड छान भरून आलं होतं. लेकीने दोनदा ठोकलं. आई डोळे मिटून वाट बघत राहिली.

ठोका आला. मागून, हलका. पण तो लेकीच्या जबड्यात आला, तिच्या लहानपणी बाबांनी भरलेल्या दाढेत.

"मला काहीच नाही कळलं गं," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुला?"

"नाही," लेक म्हणाली.

आईला घरी सोडून ती दवाखान्यात परतली. दाढ अशी वाजली तर त्याच दिवशी एक्स-रे काढायचा, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला बजावत असे. तिने एक्स-रे यंत्राचं बटण बंद केलं, आणि जीभ त्या दाढेवर टेकवून खुर्चीत बसून राहिली.