सातच्या वर रक्त नाही

"मॅडम, सर चिडलेत. रक्त कुठं अडलंय म्हणतात." वॉर्डातल्या तरुण डॉक्टरचा आवाज फोनवर दबलेला होता.

"सरांचं हिमोग्लोबिन किती आलंय?"

"साडेसात."

"मग नियम काय म्हणतो?"

"सातच्या खाली गेल्याशिवाय रक्त द्यायचं नाही. पण मॅडम, नियम सरांचाच आहे ना?"

"म्हणूनच तर मोडवत नाही हो," रक्तपेढीची प्रमुख म्हणाली आणि तिने फोन ठेवला. सरांना जुळणारी पिशवी सकाळपासून तिच्या पाठीमागच्या फ्रीजमध्ये तयार होती. जुळवणी तिने स्वतः केली होती आणि त्यात काडीचीही कसूर ठेवली नव्हती. फक्त पिशवी एवढ्यात वर पाठवायची नव्हती.

सरांच्या नावाचा तो नियम कॉलेजाकॉलेजांतून शिकवला जाई. रक्तक्षयाच्या रोग्याला उठसूट रक्त चढवू नये, त्याचेही अपाय असतात. सातच्या वर असेल तर लोह द्यावं, थांबावं. हे शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. वॉर्डावॉर्डांतून नमुने गोळा केले तिने, सुया टोचून रोग्यांच्या शिव्या खाल्ल्या तिने, आणि शोधनिबंध छापून आला तेव्हा नाव एकट्या सरांचं. तेवढंही तिने गिळलं असतं. पण तिने मसुद्याच्या शेवटी एक ओळ घातली होती: हृदयविकाराच्या रोग्याला हा आकडा लावू नये, त्याला आधीच रक्त द्यावं. छापील निबंधात ती ओळ नव्हती. विचारायला गेली, तर सरांनी "बघू गं पुढच्या वेळी" म्हणत तिला वाटेला लावलं.

पुढच्या वेळी पाळी आली तिच्या बाबांवर. ते धाकट्या मुलाकडे, दूरच्या गावी होते. छातीत कळा सुरू झाल्या, अंगात रक्त उरलं नव्हतं. भावाचा फोन आला, "ताई, डॉक्टर म्हणतात सातच्या वर आहे, नियमात बसत नाही." ती फोनवरच त्या डॉक्टरच्या हातापाया पडली. माणूस सभ्य होता. "मॅडम, अपवाद कुठं छापलेला नाही हो," एवढंच म्हणाला. ती पोचली तेव्हा बाबांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. तेव्हापासून तिला सरांवर उट्टं काढायचं होतं. आणि आता सर स्वतःच्याच नियमात येऊन अडकले होते. हृदय थकलेलं, अंगात रक्त नाही, आकडा मात्र सातच्या वर.

दुपारी ती वर गेली. सर उशांना टेकून बसले होते, ओठ पांढरेफटक. त्यांची बायको पाय चोळत होती, तरुण डॉक्टर उशाशी उभा होता.

"आलीस? पिशवी कुठाय?"

"नियमात बसत नाही, सर."

बाईंनी हात जोडले. "अहो, यांना धड बोलता येत नाहीये. नियम कसले घेऊन बसलात?"

तिला वाईट वाटलं. पण मागे फिरावं इतकं नाही.

"माझं हृदय बघ की," सर धापा टाकत म्हणाले.

"हृदयाचं त्यात कुठं काही लिहिलंय, सर?"

आता सरांना उमगलं. मान वळवून ते तरुण डॉक्टरला म्हणाले, "लिहिलं होतं. हिनं. सगळं काम हिचंच होतं. ती ओळ मी काढली."

डॉक्टरने आ वासला. "पण का, सर?"

"जागा कमी पडत होती. छापणारे म्हणाले, दोन ओळी कापा." सरांनी दम घेतला. "ती शेवटी होती."

इतकी वर्षं तिने मनात किती कारणं रचली होती. हेवा, कपट, तिला कायमचं खाली दाबायचा डाव. प्रत्येकाला उत्तरही घोकून ठेवलं होतं. जागेचं कारण त्यात नव्हतं. निदान डाव तरी असायला हवा होता, असं वाटून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्या ओळीपायी माझे बाबा गेले, सर."

सरांनी डोळे मिटून घेतले. ती डॉक्टरकडे वळली. "खालून पिशवी आणा. सकाळपासून तयार आहे."

"सकाळपासून?" बाईंचे हात थांबले.

"हो." तिने मान खाली घातली नाही.

थकलेल्या हृदयाला रक्त सावकाश द्यावं लागतं. थेंबांचा वेग तिने स्वतः ठरवून दिला आणि ती पलंगापाशी बसली. बाई उठून पलंगाच्या पलीकडे जाऊन बसल्या. तिचा राग गेला नव्हता, आणि आता तो जाईल असंही वाटत नव्हतं. उन्हं कलली तशी सरांची धाप कमी झाली, त्यांचा डोळा लागला, आणि ओठांवर हळूहळू रंग चढू लागला. तिचं इथलं काम कधीच संपलं होतं. पण बाबांच्या ओठांवर रंग असाच आला असता का, ते पाहत ती बसून राहिली.