एक माणूस मीठ

"पंधरा," बाबा म्हणाले आणि थांबले.

खाली मिठागरात बगळे उतरतच होते. नायगावच्या आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बाबांची खुर्ची असते. शुगरपायी त्यांचा डावा पाय घोट्यावरून काढला. जखम भरली, पण अन्न तुटलं ते तुटलंच. असंच चाललं तर आमच्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माझे सासरे, नथूबाबा, जन्मभर जूचंद्रच्या आगरात पाट्या मोजत. मिठाच्या पाट्या घेतलेल्या बायका पुढून गेल्या की हे बांधावर बसून आधी हाताची बोटं दाबत, मग पायाची. बोटं संपली की वीस आणि वीस म्हणजे एक माणूस. "आज सात मानसं मीठ निंगालं," असा हिशेब. एका नव्या मुकादमानं ते ऐकून सात जणांचा चहा मागवला होता. मी घाटावरची. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, "दोन मानसं नारल उतरवाला सांग," आणि मी दोन गडी बोलावून आणले. अजून त्यावरून माझी टर उडवतात.

"बाबा, पुढे सोळा म्हणा ना," धनेश, माझा नवरा, समजावत होता. "त्याला बोटं कशाला लागतात?"

"कुनाचं सोला?" बाबा म्हणाले. "मना पंधराच हायेत. मी आता मानसात नाय."

धनेश उठून आत गेला. मला म्हाताऱ्याचा रागही आला आणि रडूही आलं.

संध्याकाळी त्या वेळी उरल्यासुरल्या आगरात आभाळ उतरतं. समोरच्या टॉवरचे दिवे पाण्यात हलायला लागतात, आणि आमची गॅलरी जमिनीपासून सुटून हळूहळू कुठेतरी निघाल्यासारखी वाटते. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांच्यापुढून पाट्या जात असाव्यात.

सासूबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. त्या पाटीवाल्या बायकांत एकेकाळी त्याही होत्या. खाली बसल्या आणि आपला डावा पाय बाबांच्या उजव्या पायाशेजारी लांब केला.

"मोजा."

"अगो, तुजी बोटं कशाला?"

"बगले थांबतील का तुमच्यासाटी? मोजा!"

बाबा वाकले. करंगळीपासून सुरू केलं. "सोला... सतरा... अठरा..." जोडव्यापाशी बोट जरा रेंगाळलं. "एकोनीस. वीस."

"झाला एक मानूस," सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी मान वर केली. "आनि तू? तुजी पंधराच उरली."

"उरूदे. दोगांत मिलून एक मानूस न् पंधरा. पुष्कल झालं." मग मागे वळून मला म्हणाल्या, "रचना, भाकरी आन गो यांना."

मी ताट घेऊन आले तोवर बगळे दिसेनासे झाले होते. बाबा तरी मोजतच होते. एका हातानं भाकरी मोडत होते, आणि दुसरा हात सासूबाईंच्या पायावर होता.