ठिपक्याचं विष

१४ एप्रिल १९७८, शुक्रवार. सकाळपासून उकाडा. दुपारी वळवाचे ढग आले आणि न पडताच निघून गेले.

मी टीव्हीला जोडायचा खेळ बोलतोय. काळी पेटी, दोन गोल बटणं, आत सहा सेल. बटण फिरवलं की पडद्यावरची पांढरी रेघ वरखाली होते आणि एक चौकोनी ठिपका तिच्यावर आपटून परत फिरतो. ‘टुक’ असा आवाज येतो. एवढंच माझं काम.

नानासो मालवाहू बोटीवर नोकरीला. त्यांनी मला परदेशातल्या एका बंदरावर घेतलं आणि याच दिवशी कराडजवळ मळ्यात राहणाऱ्या बहिणीला, तानुबाईंना, आणून दिलं. घरात लष्करी कँटीनचा टीव्ही होता, पण त्यावर नुसत्या मुंग्या दिसत. मला जोडल्यावर त्या टीव्हीत पहिल्यांदा काहीतरी स्वच्छ दिसलं.

तानुबाईंचा मुलगा अर्जुना अठरा वर्षांचा. आजोबा पलटणीत होते, वडील अजून आहेत. १२ मेला साताऱ्यात भरती होती. अर्जुनानं ट्रंकेवर ‘शिपाई’ असं आधीच रंगवून घेतलं होतं. तो रोज पहाटे पळायचा. मी आलो त्या संध्याकाळी तो तासभर माझ्याशी खेळला.

दुसऱ्याच दिवशी आप्पासो आले. ते लष्करी इस्पितळात मलमपट्टी करून निवृत्त झालेले. मळ्यावर त्यांनाच डॉक्टर म्हणत. अर्जुना दोन्ही बटणं एकटाच फिरवत पंधरा गुणांच्या डावात चौदा-चौदावर आला असताना त्यांनी त्याची नाडी धरली.

“एकशे आठ!” ते म्हणाले. “वैनी, ह्यो ठिपका डोळ्यातलं पानी वडून घेतो. मनगटाची शीर थेट मेंदूला जाती. मेंदू सुकला की नजर गेली.”

मग त्यांनी अर्जुनाला भिंतीवरच्या साखर कारखान्याच्या कॅलेंडरपासून वीस पावलांवर उभं केलं. दिवेलागणीची वेळ, त्यात विजेचा दाब कमी. बल्ब पिकल्या लिंबासारखा दिसत होता. अर्जुनानं आठाला तीन म्हटलं.

तानुबाई हातातलं काम टाकून पुढे आल्या. “आवं आप्पासो, भरतीत आधी डोळंच बघत्यात की वो!”

“म्या हाय न्हवं? इलाज सांगतो.”

इलाज असा. खेळ बंद. पळणं बंद, कारण पळताना डोळ्यांची शीर हलते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. रोज अर्धी वाटी तूप.

“आप्पा, भरतीत पळाय लावत्यात,” अर्जुना म्हणाला.

“आंधळ्याला कोन पळाय लावतंय रं? गप पड.”

मला मात्र त्यांनी टीव्हीवरून काढू दिलं नाही. माझ्यात विष किती आहे हे मोजायचं होतं. त्यासाठी ते रोज सहाला वही घेऊन येत आणि समोर कुणीतरी हवं म्हणून तानुबाईंना बसवत. पहिल्या दिवशी तानुबाई पंधरा-तीननं जिंकल्या. आप्पासोंनी स्वतःची नाडी पाहिली, एकशे वीस भरली. ती वहीत लिहिली नाही.

आठवड्यानं तानुबाईंनी विचारलं, “मी बी रोज खेळतीया. मला कसं काय झालं न्हाई?”

“बायकांच्या डोळ्यास्नी चुलीच्या धुराची सवं असती. विष चढत न्हाई.”

“आन् तुमचं?”

“म्या डाक्टर हाय.”

पिठाच्या गिरणीच्या काट्यावर अर्जुना १५ एप्रिलला छप्पन्न किलो होता. ११ मेला त्रेसष्ट.

१२ मे, शुक्रवार. कोरडं ऊन, वारा नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं अर्जुना परत आला. आप्पासो माझं उजवं बटण धरून बसले होते.

“डोळ्याचं काय झालं रं?” तानुबाईंनी विचारलं.

“डोळं सहा बाय सहा. दोनी. सायब म्हनला, लय झ्याक हायती.”

“मग?”

“पळाय लावलं. तिसऱ्या फेरीला खाली बसलो. काढलं मला.”

ठिपका एकटाच इकडून तिकडे जात होता. मग आप्पासोंनी घसा साफ केला. “म्हंजे इष डोळ्यातनं पायात उतरलं.”

“इष न्हवं त्ये,” तानुबाई उठत म्हणाल्या. “माजं सव्वादोन किलू तूप हाय. अर्जुना, उद्या पाचला उठायचं. म्हशीची धार काढून मी बी येती बांधापतूर. आन् आप्पासो, तुमी खेळाय या. नाडी घरी ठिवून या.”

ते आले. पावसाळाभर येत राहिले. अर्जुना पहाटे पळायचा, संध्याकाळी खेळायचा. माझं उजवं बटण आता सैल झालं आहे. ती आप्पासोंची बाजू. डावं अजून घट्ट आहे. मला दोष द्यायला माझी हरकत नाही, मी पेटी आहे. एकच विनंती आहे: कुणाची नजर तपासायची असेल तर उजेडात तपासा.

१९ ऑक्टोबर १९७८, गुरुवार. आकाश निरभ्र, पहाटे थोडी थंडी. सातारा भरती. दोन्ही डोळे सहा बाय सहा. वजन पंचावन्न किलो. एक मैल, पाच मिनिटं छत्तीस सेकंद. अर्जुना भरती झाला.